आमच्या घरातला चुना

दगडी प्रवाळ पाळायला तळघरभर यंत्रं लागतात, असं ज्याला वाटतं त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा! एक काचेची पेटी, एक पंप, एक दिवा, समुद्रातले चार दगड आणि दर शनिवारी बदललेलं थोडं खारं पाणी. बास! उरलेलं काम डोक्याचं. आणि डोक्याच्या बाबतीत, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण सांगतो, मी कुणाला हार जाणारा नाही.

जर्मनीतल्या आमच्या हायडनहाइम गावच्या प्रवाळमित्र मंडळाचे अध्यक्ष बायर्ले यांच्याकडे जाऊन बघा. इतके पंप, इतक्या नळ्या आणि इतके लुकलुकणारे दिवे, की प्रवाळ शोधावं लागतं! पाणी अर्धा अंश थंड झालं की त्यांचा फोन किंचाळतो आणि ते जेवण टाकून पळतात. माझ्याकडे काय? पेटीच्या वर फळीवर एक पांढरा डबा. त्यात चुन्याची निवळी. बारीक नळीतून ती थेंब थेंब पेटीत पडते. प्रवाळाला आपला सांगाडा घडवायला चुना लागतो, तो मी देतो. तीन वर्षांत माझी प्रवाळं अशी फोफावली, की बायर्ले घरी आले की आधी पेटीमागे वाकून बघतात. मी यंत्रं कुठे लपवलीत ते शोधायला!

"पद्धत आहे, बायर्लेसाहेब," मी म्हणतो. "फोल्कमार पद्धत!"

माझं नाव मिरवणाऱ्या या पद्धतीला घरात एकच विरोधी पक्ष होता. माझ्या सासूबाई, ओटिली. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम आमच्याच तळमजल्यावर, आणि जगात वैरी एकच: चुना. आता आमच्याकडचे डोंगरच मुळी चुन्याचे. कुठल्याशा जुन्या समुद्रातल्या प्रवाळांचेच म्हणतात. त्यामुळे नळाला पाणी येतं तेच चुना घेऊन. किटलीत थर, नळावर थर, न्हाणीघराच्या काचेवर थर. सासूबाईंच्या ॲप्रनच्या खिशात चुना विरघळवायला सदैव व्हिनेगरची बाटली. पाहुण्याने हात धुतले तरी त्याच्या मागोमाग जाऊन त्या नळ पुसून येतात.

"अरे, पन्नास वर्षं मी चुना घराबाहेर काढतेय," त्या म्हणत, "आणि तू पिशव्या भरून विकत आणतोस?"

"आई, तो प्रवाळाचा खाऊ आहे."

"चुना खाऊन चुनाच होणार ना? कौतुकच आहे बाई!"

मी हसून सोडून देई. मोठी माणसं टीका पचवतात.

असो. मार्चमध्ये मंडळाच्या बैठकीत मेर्क्लेबाई उठून उभ्या राहिल्या. वय चौऱ्याऐंशी, मंडळातल्या सर्वांत जुन्या. त्यांचं एक प्रवाळ आहे, चांगलं कोबीच्या गड्ड्याएवढं, सव्वीस वर्षांचं. आम्हा निम्म्या लोकांची प्रवाळं त्याच्याच तुकड्यांतून वाढलेली.

"मी वृद्धाश्रमात चाललेय," त्या म्हणाल्या. "तिथे पेटी ठेवू देत नाहीत. मला मूलबाळ नाही, हे एवढंच आहे. तुमच्यापैकी कुणाला तरी देईन. पण आधी घरी येऊन बघेन. आणि ज्याला देईन, त्याच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या प्रवाळाला भेटायला येईन."

बऱ्याच जणांनी हात वर केले. शेवटी नावं उरली दोनच. बायर्ले आणि मी! माझ्याकडे त्या येत्या रविवारी तीन वाजता येणार होत्या, आणि अध्यक्ष या नात्याने बायर्लेही सोबत.

मी घरी आलो तो थेट दिवाणखान्यात. बघतो तर काय, सासूबाई पेटीजवळ उभ्या, हातात फडकं!

"आई! काय करताय?"

"काही नाही," त्या दचकल्या. "काच पुसत होते."

झालं! माझ्या डोळ्यांसमोर दगडांवर वाढलेली जांभळ्या शेवाळाची सगळी खपली घासून लख्ख झालेली दिसली. मी त्याच क्षणी निर्णय घेतला. रविवारपर्यंत दिवाणखान्याला कुलूप. किल्ली माझ्या खिशात!

"अहो, टीव्ही आत आहे," माझी बायको हाइडरुन म्हणाली. "आईची मालिका संध्याकाळी सात वाजता असते."

"एक आठवडा मालिका बुडाली तर कुणी मरत नाही. प्रवाळ मरतं!"

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं. तोच हात पुढे मला फार महागात पडला.

शिवाय पाहुणे येणार म्हणून मी निवळीत चुना दुप्पट घातला. माणूस पाहुण्यांसाठी लोणी नाही का जास्त घालत?

सोमवार बरा गेला. मंगळवारी नळीच्या तोंडाशी पांढरी गाठ धरली. ती मी सुईने काढली. बुधवारी प्रवाळांची इवली इवली तोंडं अर्धी मिटलेली. गुरुवारी डब्याच्या तळाशी बोटभर गाळ, म्हणून मी डबा गदागदा हलवला. शुक्रवारी पेटीत बर्फ पडायला लागला. खरंच! पांढरे कण सावकाश खाली येत होते आणि प्रवाळांवर साचत होते.

"काही बदललंत का तुम्ही?" हाइडरुनने विचारलं.

"काहीही नाही! तीन वर्षं हेच करतोय!"

"आईला विचारू का?"

"आईला? आईला प्रवाळातलं काय कळतं?"

शनिवारी नळी पूर्ण बंद. सुई आत जाईना. मग डोक्याने काम केलं. मी नळीचं टोक तोंडात धरलं आणि जोरात ओढलं. नळी मोकळी झाली! सगळी निवळी माझ्या तोंडात आली!

ज्यांची जीभ कधी चुन्याने पोळली असेल त्यांना अधिक सांगायला नको. मी न्हाणीघरात पळालो आणि पाव तास नळाखाली तोंड धरून बसलो. जीभ सुजून तोंडात मावेना. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस बोलू नका." माझ्याकडे तर वीस मिनिटांचं भाषण तयार होतं!

रविवारी ठीक तीनला घंटी वाजली. मेर्क्लेबाई काठी टेकत आल्या, मागोमाग बायर्ले. मी कुलूप काढलं. पेटीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. प्रवाळं सगळी मिटलेली, जणू घरात सुतक.

"अरेरे, फोल्कमारराव!" बायर्ले म्हणाले. दुःख त्यांच्या आवाजात होतं, चेहऱ्यावर मात्र नव्हतं.

मेर्क्लेबाई खुर्ची ओढून पेटीसमोर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वर्षभरापूर्वी तर किती सुंदर होती! काय बदललंत?"

"आं… ऊं… आहीह आही!" मी म्हणालो.

"म्हणे काहीही नाही!" दारातून आवाज आला. सासूबाई प्लमचा केक घेऊन उभ्या होत्या. "आठवडाभर मला कुलूप लावून बाहेर ठेवलंस, म्हणून हे झालं! बघा कसा माजलाय चुना! माझं व्हिनेगर पडलं असतं तर काय हिंमत होती त्याची!"

"व्हिनेगर?" बायर्लेंनी विचारलं. "कुठे पडलं असतं?"

"त्या डब्यात! रोज संध्याकाळी मालिका सुरू व्हायच्या आधी एक चमचा. तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही मी. जावई ऐकत नाही, म्हणून घर सोडून द्यायचं का चुन्याच्या हवाली?"

मला ओरडायचं होतं, पण जीभ कुठे होती? बायर्ले खो खो हसायला लागले. "प्रवाळाच्या पेटीत व्हिनेगर! ही फोल्कमार पद्धत!"

मेर्क्लेबाई मात्र हसल्या नाहीत. "एकच चमचा?" त्यांनी विचारलं.

"एकच. दोन किटलीला लागतात."

मेर्क्लेबाई काठी टेकत उठल्या आणि माझी बाही धरून मला घरातल्या बोळात घेऊन गेल्या.

"मी वीस वर्षं हेच करतेय," त्या कुजबुजल्या. "व्हिनेगर घातलं की चुना नीट विरघळतो आणि प्रवाळाला मिळतो, पाणीही स्वच्छ राहतं. मंडळातले हसतील म्हणून कधी बोलले नाही. तुमची प्रवाळं मेलेली नाहीत, रुसलीत. आज निम्मं पाणी बदला, चुना कमी करा, चार दिवसांत उघडतील. माझं प्रवाळ इथेच येईल."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्हाला नाही देत," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत एक दिवस न चुकवणारं माणूस मला हवं होतं. किल्ली त्यांच्याकडे द्या. आणि त्यांच्या व्हिनेगरने चुना वाढतो, हे त्यांना मरेपर्यंत कळू देऊ नका. त्याच संध्याकाळी बंद करतील!"

आता ते कोबीएवढं प्रवाळ आमच्या पेटीत मधोमध बसलंय. दर पहिल्या रविवारी मेर्क्लेबाई येतात. दोघी केक खात पेटीसमोर बसतात. मग मेर्क्लेबाई पर्समधून पट्टी काढून काचेवर धरतात.

"आणखी अर्धं बोट वाढलं हो, ओटिलीबाई."

"मेलं मरतच नाही!" सासूबाई उसासा टाकतात. "इतकं घालतेय रोज!"

"हरायचं नाही," मेर्क्लेबाई गंभीरपणे म्हणतात आणि त्यांचा हात दाबतात. "लढत राहायचं."

सासूबाई ताठ होतात, बाटली काढतात, चमचा भरतात. मी खाली डबा धरून उभा असतो. जीभ बरी होऊन चार महिने झाले, पण या घरात प्रवाळाबद्दल मी अजून एक शब्द बोललेलो नाही.