अंगठ्याने धरलेली मुलाखत

आमच्या घरात मेकॅनिकला प्रवेश नाही! हे मी छाती फुगवून सांगतो. पंखा असो, इस्त्री असो, दाराची बेल असो, बिघडली की मी आहे. आता बेल दाबली की ती वाजत नाही, स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतो, हे खरं. पण दिवा लुकलुकला की दारात कोणीतरी आलंय हे कळतं ना? मग झालं तर! बेलचं काम तरी दुसरं काय असतं?

बायकोला मात्र माझ्या कलेची कदर नाही. काहीही बिघडलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अहो, बारक्याला बोलवू का?"

बारक्या म्हणजे माझा मेव्हणा. नाव बारक्या, पण आमच्या सोफ्यावर तो बसला की दुसऱ्याला जागा उरत नाही. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला काहीही विचारा, तो अगदी मुळापासून सुरू करतो. बल्ब का गेला विचारलं तर आधी वीज म्हणजे काय ते सांगणार! त्यामुळे त्याला घरात घ्यायचं म्हणजे वस्तू दुरुस्त होते, पण माझं डोकं बिघडतं.

तर झालं असं, की बायकोला मुलाखतीचं बोलावणं आलं. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका संस्थेत मुद्रितशोधकाची नोकरी, काम घरून. मुलगी झाली तेव्हा तिने नोकरी सोडली होती. आता मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. लोकांच्या चुका शोधून काढायचं काम! माझ्याशी इतकी वर्षं संसार केलेल्या बाईचा या क्षेत्रातला अनुभव केवढा दांडगा असेल, तुम्हीच विचार करा.

मुलाखत शुक्रवारी सकाळी अकराला, इंटरनेटवरून. पडद्यावर एक पान येणार, समोरचे लोक बघत असताना तिने त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या. मोबाइलवर चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

आणि आमच्या कॉम्प्युटरला नेमके तेव्हाच झटके यायला लागले! चांगला चाललेला असायचा, अचानक जागच्या जागी थिजायचा. माऊस हलवा, बटणं बडवा, ढिम्म! मग पडदा निळा व्हायचा, त्यावर इंग्रजीत काहीतरी रडगाणं यायचं, आणि सगळं बंद.

"अहो, बारक्याला..."

"काय बिशाद आहे त्याची!" मी म्हणालो. "शुक्रवारच्या आत कॉम्प्युटर पळायला लागेल. माझा शब्द!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे पाहिलं.

मी कामाला लागलो. आधी मला संशय आला धुळीचा. कॅबिनेट उघडून सायकलच्या पंपाने आत अशी हवा मारली, की आतली सगळी धूळ माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, चहात गेली. कॉम्प्युटर पुन्हा थिजला. मग संशय फ्रिजवर. तो सुरू होताना वीज ओढून घेतो, अशी माझी खात्री पटली. फ्रिज दिवसभर बंद ठेवला. दूध नासलं, कॉम्प्युटर तसाच. मग मी बायकोला हळू टाइप करायला सांगितलं. "तू बटणं फार जोरात दाबतेस," मी म्हणालो, "तो घाबरतो." त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

शेवटी कोडं सुटलं ते आप्पांमुळे. आप्पा रोज दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. एकटेच खेळतात, आणि तरीही लबाडी करतात.

"मला तर काही त्रास देत नाही हा," आप्पा म्हणाले. "माझा डाव कधी थांबत नाही. तुम्ही ते इंटरनेट लावलं की मगच याला फेफरं येतं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! पत्त्यांना इंटरनेट लागत नाही. म्हणजे कॉम्प्युटर चांगला, इंटरनेट आलं की बिघडतो. आणि इंटरनेट आत येतं कुठून? तर वायरलेस कार्डातून! कॅबिनेटच्या मागे दोन काळ्या शिंगांसारखे अँटेना बाहेर आलेले असतात ना, ते कार्ड. आप्पांच्या खोलीत नेटवाल्याने बसवलेल्या डबीतून हवेतून येणारं नेट ते पकडतं. चोर सापडला!

मी गुरुवारी दुपारी स्क्रू काढला, कार्ड उपटलं आणि झाकण लावलं. मग आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "आप्पा, खेळा! थांबू नका!"

आप्पा खेळले. दुपारभर खेळले. मध्ये मी दोन-चार पत्रं टाइप केली, मुलीचे जुने फोटो उघडले, गाणी लावली. कॉम्प्युटर एकदासुद्धा थिजला नाही! बायको दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची काळजी हळूहळू उतरली, आणि ती चक्क म्हणाली, "अहो, जमलं की हो तुम्हाला!"

लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हा आनंद एकट्याने कसा पचवायचा? मी लगेच बारक्याला फोन लावला.

"बारक्या, कॉम्प्युटर दुरुस्त केला! वायरलेस कार्ड खराब होतं. काढून फेकलं!"

"अरे वा, भाऊजी! बरोबर पकडलंत! पण भाऊजी, आता कार्ड नाही म्हणजे..."

"म्हणजे कटकट नाही!" मी म्हणालो, आणि त्याचं व्याख्यान सुरू व्हायच्या आत फोन ठेवून दिला.

शुक्रवार उजाडला. बायको ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून, मुलाखतीच्या चांगला अर्धा तास आधी कॉम्प्युटरसमोर बसली. शेजारी पाण्याचा पेला, चष्म्याचं फडकं. मी मागे हाताची घडी घालून उभा. आप्पा आंघोळीला निघाले होते, तेही थांबले.

तिने संस्थेने पाठवलेल्या दुव्यावर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. पडद्यावर एक ओळ आली. तिने ती मोठ्याने वाचली.

"इंटरनेट जोडलेलं नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "नेट ज्यातून यायचं, तेच काढलंत का तुम्ही?"

कालपासून आम्ही तिघांनी तो कॉम्प्युटर शंभर प्रकारे तपासला होता, फक्त इंटरनेट लावून बघितलं नव्हतं! लावलं की बिघडतो म्हणून!

"मी परत बसवतो कार्ड!"

"आणि मुलाखतीत थिजला तर? पानाच्या मध्यावर?" ती म्हणाली. "जाऊ दे. कळवते त्यांना, जमत नाही म्हणून."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. पण ती चष्मा काढून पुसायला लागली. पंधरा दिवस ही बाई जुन्या वर्तमानपत्रांवर लाल पेनाने सराव करत होती. मी मान खाली घातली आणि बारक्याला फोन लावला.

"भाऊजी, मी कालच सांगत होतो..."

"आता सांग! थोडक्यात! अकराला मुलाखत आहे!"

"तर बघा, नेट म्हणजे मुळात काय असतं..."

"मूळ सोड रे बाबा! फांदीवर ये!"

"बरं. तुमच्याजवळ फोन आहे ना?"

"नाही, भोपळा आहे! कशावरून बोलतोय मी तुझ्याशी?"

"तसं नाही हो! वायर आहे ना वायर, ती सरळ..."

"वायर! आहे! आप्पांच्या खोलीत आहे! शाब्बास!" मी ओरडलो आणि फोन शर्टाच्या खिशात कोंबला.

नेटवाल्याने जोडणी करताना उरलेली वायर आप्पांना दिली होती. आप्पांनी ती खोलीत बांधून त्यावर टॉवेल वाळत घातला होता. मी टॉवेलासकट ती ओढली. एक टोक डबीत खुपसलं आणि दुसरं टोक घेऊन धावलो. आप्पांच्या दाराबाहेर आलो, आणि वायर संपली! कॉम्प्युटरचं टेबल खोलीत न्यावं तर पलंग आणि कपाट यांच्यामधून आप्पासुद्धा तिरके होऊन जातात, टेबल कुठून जाणार? मग टेबलच उचलून आणलं. खुर्ची, कॉम्प्युटरचा पडदा, कॅबिनेट, सगळी वरात आप्पांच्या दारासमोरच्या बोळकांडीत. तिथे समोरासमोर दोनच गोष्टी आहेत. एक आप्पांची खोली, दुसरी न्हाणीघर.

"माझ्या मागे न्हाणीघराचं दार दिसतंय!" बायको किंचाळली.

मी पलंगपोस आणला. टांगायला दोरी सापडेना. टेबलावर माझ्या फोनच्या चार्जरची वायर पडली होती, तिने बांधून टाकला. मागे कसा झकास निळा पडदा झाला! मग वायरचं टोक कॅबिनेटच्या मागे खुपसलं. नेट आलं! मी हात सोडला. नेट गेलं!

बघतो तर काय, टोकाला जी प्लास्टिकची चिमुकली पट्टी असते, ती टॉवेलाच्या ओढाताणीत तुटली होती. हात लावला की नेट येई, काढला की जाई. घड्याळात अकराला एक मिनिट कमी.

मी टेबलाखाली शिरलो. गुडघे हनुवटीला, डोकं फळीला आणि उजवा अंगठा त्या वायरवर.

"नमस्कार," वरून बायकोचा आवाज आला. इतका शांत, की मला वाटलं दुसरंच कोणीतरी येऊन बसलंय.

मुलाखत सुरू झाली. पान आलं. वर बटणांचा टकटक आवाज, मध्येच एक करड्या आवाजाच्या बाई, "छान," "हं, छान." खाली माझा अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला, मग माझा आहे की नाही तेच कळेना. तेवढ्यात पलंगपोसामागून आवाज आला.

"मी बाहेर येऊ का?"

आप्पा! या गोंधळात ते आंघोळीला जाऊन बसले होते!

"कोण बोललं?" करड्या बाईंनी विचारलं.

"सासरे आहेत," बायको म्हणाली. "परवानगी विचारल्याशिवाय खोलीत येत नाहीत."

"किती समजूतदार!" बाई म्हणाल्या. आप्पा आत गप्प झाले, बहुतेक लाजून.

मग मला शिंक आली. मी नाक दाबलं, श्वास कोंडला, पण ती आलीच! अंगठा निसटला. वरचं सगळं ठप्प! मी आंधळ्यासारखा चाचपडून पुन्हा वायर दाबली, आता दोन्ही हातांनी, आणि कान टवकारले.

"...तुमचं चित्र थांबलं होतं जरा," बाई म्हणत होत्या. "एक शेवटचं विचारते. घरून काम म्हणजे असे अडथळे येणार. अशा वेळी मदतीला घरात कोणी आहे का?"

बायकोने पायाने माझ्या खांद्याला हलकेच स्पर्श केला.

"आहे," ती म्हणाली. "बिघाडही तेच करतात, पण पळून जात नाहीत. शेवटपर्यंत धरून ठेवतात."

बाई हसल्या. खाली मला, काय सांगू, डोळे पुसायचे होते, पण हात मोकळा नव्हता.

संध्याकाळी फोन आला. नोकरी मिळाली! बायको बोळकांडीतल्या बोळकांडीत नाचली. मीही नाचलो असतो, पण पाठ सरळ होत नव्हती. तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकला. नवं कार्ड घेऊन बारक्या आला होता.

मी त्याला सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. टेबल, पलंगपोस, अंगठा. तो ऐकत होता, पण त्याची नजर पलंगपोसावर खिळली होती.

"भाऊजी, हा कशाने बांधलाय?"

"चार्जरच्या वायरने. का?"

बारक्याने गाठ सोडली. वायरचं एक टोक माझ्या खिशातल्या फोनमध्ये घातलं, दुसरं कॉम्प्युटरमध्ये. फोनवर दोन ठिकाणी बोट टेकवलं. कॉम्प्युटरवर नेट आलं.

"फोनचं नेट वायरने कॉम्प्युटरला मिळतं," तो म्हणाला. "सकाळी तेच सांगत होतो. फोन आहे का, आणि वायर आहे का. तुम्ही भोपळा आहे म्हणालात."

म्हणजे मुलाखतभर तो फोन माझ्या खिशात होता! आणि वायर माझ्या डोळ्यांदेखत पलंगपोस धरून होती! बायको हसत खाली बसली, आप्पा हसत पलंगावर आडवे झाले, आणि बारक्याने तेवढ्यात नवं कार्ड बसवून टाकलं. जाता जाता बेलही वाजती केली, तीही मला न विचारता.

ही हकीकत लिहून झाल्यावर मी बायकोला तपासायला दिली. आता ती कामच ते करते ना! तिने लाल पेन घेऊन बारकाईने वाचली आणि परत दिली. "छान आहे. एकच चूक होती," म्हणाली. पाहिलं, तर तिने ते मेकॅनिकवालं पहिलं वाक्य खोडलं होतं.

मी ते गुपचूप पुन्हा लिहून ठेवलंय. तुम्ही तिला सांगू नका.