धावणाऱ्याच्या मागे धावू नये

मानोरा तालुक्याच्या आमच्या कोपऱ्यात माणूस पळताना दिसला की त्यामागे काहीतरी कारण असतं, असा एक जुनाट समज होता. विंचू चावला, गंजीला आग लागली, बैल विहिरीत पडला, बाई अडली, यांपैकी काहीतरी झालेलं असणारच. त्यामुळे एक पळाला की बघणारा हातातलं काम टाकून त्याच्यामागे पळायचा. कारण पळता पळता विचारायचं. हा समज दूर करण्याचं काम ज्या समितीकडे आलं, तिचा मी सचिव. माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो आहे आणि मी समोरच्या पानठेल्यावरही मोटरसायकलने जातो. पण धोरण आखायला धावावं लागत नाही.

आमचं गाव नदीच्या अलीकडच्या पठारावर. इथं डांबरी रस्ता, एसटीचा थांबा आणि दवाखाना. तांडा पलीकडच्या पठारावर. मधे सागवान-पळसाची खोल दरी, तळाशी नदी आणि उतरायला-चढायला एक पाऊलवाट. तांड्यातल्या आजाऱ्याला त्या वाटेने झोळीत घालून आणतात: दोन माणसं, एक बांबू, एक लुगडं. तांड्याची रस्त्याची मागणी इतकी जुनी आहे, की पहिल्यांदा मागणाऱ्यांची नातवंडं आता ती मागतात.

दिवाळीनंतर ती मागणी घेऊन तांड्यातला बाबूलाल आमच्या कार्यालयात आला. त्याची मुलगी संगीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि होळीच्या आसपास तिचे दिवस भरत होते. "तोवर गाडी तांड्यात आली पायजे, सायेब," तो म्हणाला. "मायी पोरगी नाजूक हाय. झोळीत हेलकावे खाऊ खाऊ जीव जाईन तिचा."

समितीचे अध्यक्ष धनराज साहेब इस्त्री केलेला ट्रॅकसूट घालून बसले होते. पुण्याहून बदली होऊन आलेल्या साहेबांना दरी फार आवडली होती. ते म्हणाले, "रस्ता अशक्य आहे. जंगल आहे ते. मार्ग मात्र देता येईल. धावण्याचा."

"त्याच्यावरून गाडी जाईन काय?"

"नाही. माणूस जाईल."

"मानूस तं आताबी जाते."

"आता तो चालतो. मग धावेल."

बाबूलालने थोडा विचार केला. झोळीवाले धावले तर पोरगी लवकर पोचेल, असा हिशेब त्याने मनाशी जमवला आणि बिचारा आभार मानून गेला. वाटेवरची काटेरी झुडपं तोडायला सगळ्यात आधी तोच आला, तेही फुकट.

डिसेंबरात पहिली 'दरी दौड' झाली. नागपूर, पुणे, अमरावतीहून मंडळी आली. अंगात पोपटी, गुलाबी, नारिंगी कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे. शिट्टी वाजली आणि ती सगळी दरीत उतरली.

पलीकडून तांड्याने हे पाहिलं. एवढी चांगल्या घरची माणसं एकदम जीव घेऊन पळताहेत म्हणजे प्रकरण साधं नाही! बाबूलालची बायको धनीबाई हातातली भाकर तव्यावर टाकून निघाली. पोरांनी काठ्या घेतल्या, कारण अस्वल असू शकतं. कोणी घोंगड्या घेतल्या, कारण आग्यामोहोळ असू शकतं. चौघांनी बाज उचलली, कारण काहीही असलं तरी बाज लागतेच. अर्ध्या दरीत दोन्ही बाजू भेटल्या.

"काहून पयून राह्यले हो? कोनाचं काय झालं?" धनीबाईने सर्वांत पुढच्या धावकाला विचारलं.

"काही नाही मावशी. असंच."

"असंच?"

तांडा मुळासकट हादरला. असंच तर गोऱ्हाही पळत नाही. माणूस घाबरून भलतंसलतं बोलतो आहे, हे ओळखून चौघांनी त्याला बाजेवर आडवा केला आणि त्याच्या आरडाओरड्याला न जुमानता थेट दवाखान्यात पोचवला. त्याचा पहिला नंबर गेला. दुसऱ्याला धनीबाईने हळद लावली. तिसऱ्याने तक्रार केली.

चौकशी झाली. अहवाल मीच लिहिला. "स्थानिक रहिवाशांमध्ये धावणाऱ्या व्यक्तीबाबत अनावश्यक व अप्रमाणित काळजी आढळून येते," असं वाक्य मी घातलं आणि साहेबांनी त्याखाली दोनदा रेघ मारली. उपाय म्हणून 'धावक साक्षरता अभियान' मंजूर झालं. नियम सोपे होते. कोणी धावताना दिसल्यास जागचं हलू नये. कारण विचारू नये. टाळ्या वाजवाव्यात. "वाहवा, थोडंच राह्यलं!" असं म्हणावं. जवळ आल्यास अर्धं केळं द्यावं.

ऐकायला सोपं, पण शिकवताना आमचा घाम निघाला. सरावासाठी साहेब स्वतः "वाचवा, वाचवा" ओरडत तांड्यातून धावायचे, आणि अख्खा तांडा त्यांच्यामागे. अंगणात खुंट्या ठोकून एकेकाला धरायला लावलं. जो खुंटी सोडणार नाही त्याला पांढरी टोपी आणि पुढच्या दौडीत स्वयंसेवकाचा मान. खेमा आणि गोलू, दोघेही उमदे गडी, दुसऱ्याच आठवड्यात पास झाले. धनीबाई तेवढी नापासच. खुंटी उपटून धावायची.

"मले जमत नाई सायेब," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पाय ऐकतच नाई. अन् खरंच कोनाले काई झालं असलं तं?"

साहेबांनी प्रश्नाचं स्वागत केलं. खरोखर संकटात असलेल्याने लाल बनियान घालून धावावं, म्हणजे गैरसमज होणार नाही, असा निर्णय त्यांनी जागच्या जागी दिला. बनियान अलीकडच्या पठारावर, आमच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत मिळेल.

बाबूलाल लगेच म्हणाला, "मले आत्ताच देऊन ठेवा ना. पोरीचे दिवस भरत आले."

"संकट येण्याआधी बनियान देता येत नाही," मी समजावलं. "संकट आलं की या."

"याले तं मले दरी पार करून पयत यावं लागन."

"या ना. मार्ग त्यासाठीच आहे."

या वेळी तो आभार न मानताच गेला. मला त्याचा थोडा रागच आला. यांच्यासाठी कितीही करा, तोंड वाकडंच.

होळीच्या आदल्या रविवारी दुसरी दौड होती आणि नेमकी त्याच सकाळी संगीताला कळा सुरू झाल्या. तांड्यातले धडधाकट गडी दरीत जागोजागी टोप्या घालून उभे होते. झोळी धरायला माणूस हवा म्हणून बाबूलाल अनवाणी दरीत धावत सुटला. "पोरगी अडली रे! झोळी धरा! मरते रे मायी पोरगी!"

पहिल्या वळणावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या वळणावर गोलूने त्याच्या डोक्यावर गार पाणी ओतलं. "वाहवा काका, थोडंच राह्यलं!" तिसऱ्या वळणावर बाबूलालने खेमाची गचांडी धरली. "अरे, संगीता हाय ते! तुई बहीन लागते!" खेमाचा चेहरा पांढराफटक पडला. पण साहेब शेजारीच उभे होते. त्याने अर्धं केळं बाबूलालच्या हातावर ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. मी मोबाईलवर सगळं टिपत होतो. प्रशिक्षणाचं असं चोख फळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घोटाळा केला तो रूपलाने. हा तांड्यातलाच, पण ऊसतोडीला गेलेला. होळीसाठी टोळीच्या आधीच परतला होता आणि नदीवर आंघोळ करत होता. त्याचं प्रशिक्षण राहून गेलं होतं. त्याने पळणारा बाबूलाल पाहिला आणि ओल्या अंगाने, साबण लावलेल्या डोक्याने तो त्याच्यामागे पळाला. "काय झालं काका?" पळता पळताच विचारलं.

दोघे तांड्यात गेले, लुगडं बांबूला बांधलं आणि संगीताला घेऊन दरीत उतरले. मागे धनीबाई. टाळ्या दुप्पट झाल्या. लाऊडस्पीकरवरून "आता येत आहे आपला पारंपरिक सांघिक गट!" अशी घोषणा झाली. चढ चढून झोळी शर्यतीच्या कमानीखाली आली आणि दवाखाना समोर दिसत असताना संगीताचा धीर संपला. धनीबाईने प्रायोजकांचा बॅनर ओढून आडोसा केला. पाच मिनिटांत आतून ट्यँहा ऐकू आलं. मुलगी. दोघी सुखरूप. बाबूलाल लहान पोरासारखा रडला. साहेबांनी पुढे होऊन बाळाच्या गळ्यात पदक घातलं आणि रूपलाला विनापरवाना मदतीची नोटीस दिली.

बाबूलालचा व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी टाकला. लाखो लोकांनी पाहिला. 'पोरगी मरते रे' हे शब्द त्यात अगदी स्वच्छ ऐकू येतात. खाली प्रतिक्रिया आल्या. काकांचा दम बघा. बूट कोणते? नोंदणी कधी सुरू? लोकेशन पाठवा. काका कशाला धावतात, हे एकानेही विचारलं नाही.

साहेब मोबाईल बघता बघता हळवे झाले. म्हणाले, "तांड्याला एवढं शिकवायला आपला अख्खा हिवाळा गेला हो. आणि हे लोक बघा, कुणी न शिकवता!"

व्हिडिओखाली लाल बदाम देणाऱ्यांची नावं मी रात्री बसून वाचली. तुमचंही आहे. काळजी नसावी, तुम्हाला प्रशिक्षणातून कायमची सूट दिली आहे.