प्रभुलिंग अप्पांचा डी-टू

रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना प्रभुलिंग अप्पांच्या जुन्या चाकूचं टोक मोडलं, तेव्हा नागरत्नाबाई एवढंच म्हणाल्या, "भालकीला जायलात तर दुसरा घेऊन या. पेरू कापायपुरता असला तरी बास." काम दहा मिनिटांचं होतं. अप्पांनी त्याला तीन महिने लावले.

खटकचिंचोळीत अप्पांचं फवारणीचे पंप आणि पाइप विकायचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसे, मोबाइल असे. त्यात एके दिवशी एक दाढीवाला परदेशी माणूस एकाच चाकूनं दोरखंडामागून दोरखंड कापताना दिसला, आणि अप्पांच्या लक्षात आलं की पोलादातलं ओ की ठो न कळता आपण चोपन्न वर्षं काढली. त्यांनी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. धार किती टिकते, गंज किती चढतो, घासायला किती त्रास. आठवड्याभरात दुकानात आलेल्या माणसाला पंपाचा वॉशर नंतर मिळू लागला, आधी क्रोमियमचं प्रमाण.

"चारशेवीस नंबरचं पोलाद स्वस्त हाय," भालकीचे त्यांचे मित्र अंकुशराव फोनवर म्हणाले. "गंजत बी न्हाई म्हणं."

"ज्याचं नावच चारसोबीस, ते खिशात ठेवू व्हय?" अप्पा म्हणाले. "डी-टू घ्यायचं. साठ कठीणपणा हाय त्याचा. एकदा धार लागली की जाता जात न्हाई."

अखेर पार्सल आलं. घडीचा चाकू, काळी मूठ, पात्यावर बारीक अक्षरात डी-टू. नागरत्नाबाईंनी पेरू पुढे केला. अप्पांनी तो बाजूला सारला. आधी चाचणी. पंपांच्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या आणि किती पट्ट्यांनंतर धार जाते ते वहीत मांडायचं. धार लवकर जात नाही हे सिद्ध करण्यासाठी ते दोन दिवस कापत राहिले. चारशे सत्तराव्या पट्टीनंतर ती गेली. अप्पांना अत्यानंद झाला. फक्त डी-टू घासायला फार जड जातं, हेही त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं, आणि त्यासाठी लागणारा खास दगड अजून वाटेत होता.

त्याच रविवारी उदगीरला त्यांच्या पुतणीच्या, मंजुश्रीच्या लग्नाची बोलणी होती. तिचे वडील नव्हते, त्यामुळे मुलीकडून बोलणारा मोठा माणूस म्हणजे अप्पाच. बाराच्या आत पोचायचं होतं. नागरत्नाबाईंनी दोघांसाठी सकाळचीच बस ठरवली. अप्पांनी नवा सदरा घातला आणि खिशात चाकू टाकला.

निवडणुकीचे दिवस होते. राज्याच्या हद्दीवर पत्र्याचं शेड टाकून तपासणी नाका केला होता. बस थांबली, एक हवालदार वर चढला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं महेशकुमार. सकाळपासून चाळीस गाड्या तपासून त्याचा चेहरा आंबला होता. त्यानं अप्पांचा खिसा चाचपला, चाकू काढला, उलटसुलट पाहिला आणि परत द्यायला हात पुढे केला.

"पेरू कापायचा का, अण्णा? ठेवा, ठेवा."

दुसऱ्या कोणी मुकाट्यानं चाकू खिशात टाकला असता. अप्पांना ते झोंबलं.

"पेरू कापायचा?" ते उभे राहिले. "साहेब, डी-टू हाय ते! साठ कठीणपणा! असलं पातं तुमच्या अख्ख्या जिल्ह्यात सापडायचं न्हाई."

महेशकुमारनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"खाली उतरा."

शेडमध्ये चौकशी सुरू झाली. डी-टू कुठली टोळी, हा पहिला प्रश्न. टोळी नसून पोलाद आहे, हे पटवायला अप्पांनी पुरावा म्हणून स्वतःच मोबाइल उघडून दिला. महेशकुमार कानडी असला तरी हद्दीजवळच्या औरादकडचा होता, मराठी सरळ वाचत होता. त्यानं अंकुशरावांबरोबरचे निरोप मोठ्यानं वाचायला घेतले.

"‘माल आला का?’ ‘आला. दोन दिवसांत चारशे सत्तर कापले. अजून हात थरथरायलाय.’" त्यानं मान वर केली. "चारशे सत्तर काय कापलात?"

"खोकी, साहेब."

निवडणुकीच्या नाक्यावर खोकी हा शब्द ऐकताच मागचे दोन शिपाई खुर्चीवरून उठले.

"आणि हे काय? ‘रविवारी उदगीरला जायलोय. पाहुण्यांसमोरच काढतो.’"

"पेरू खायला!" अप्पा कळवळून म्हणाले.

"आत्ता तर पेरूचा न्हाई म्हणलात."

बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. प्रवासी खिडक्यांतून ओरडू लागले. नागरत्नाबाई पदर खोचून शेडमध्ये आल्या.

"साहेब, ह्यांच्या त्या चाकूनं काहीच कापत न्हाई बगा. गुरुवारी मी कांदा दिला, तर कांदा चेपला. पायजे तर बघा करून."

नाक्याच्या सावलीला सोजराबाई नावाची म्हातारी पेरू घेऊन बसली होती. महेशकुमारनं तिच्याकडचा एक पेरू उचलला आणि त्यावर डी-टू टेकवलं. दाबलं. आणखी दाबलं. पेरू टेबलावरून उडाला आणि एका शिपायाच्या बुटावर आपटला. सोजराबाईनं दुसरा पेरू घेतला, कमरेचा पत्र्याच्या मुठीचा चाकू काढला आणि बोलता बोलता चार फोडी केल्या.

"ह्या बाबाला सोडा की, लेकरा," ती म्हणाली. "ह्यानं काय हुतंय?"

शेडमध्ये हशा पिकला. महेशकुमार पहिल्यांदाच हसला. "आयतु, आयतु. झालं, अण्णा. आता उतरवलंच हाय तर नोंद करावी लागंल." त्यानं वही ओढली आणि लिहिता लिहिता वाचलं, "लोखंडी वस्तू, एक. बोथट. घरगुती. परत दिली. हितं सही करा."

अप्पांनी पेन घेतलं. वाकले. आणि तसेच थांबले.

"लोखंडी?"

"मग?"

"साहेब, पोलाद लिहा."

"अवो, करा की सही!" नागरत्नाबाई ओरडल्या. "साडेअकरा वाजायलेत!"

"सरकारी कागद हाय, नागू. तेच्यावर खोटं कसं लिहावं?"

महेशकुमारनं पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. "अण्णा, नीट ऐका. हितं दोनच रकाने हायत. लोखंडी, बोथट, घरगुती वस्तू, मग चाकू तुमचा, बस तुमची. पोलादी पातं लिहिलं की हत्यार झालं. हत्यार जमा होतंय. निवडणूक होईपर्यंत हितंच ऱ्हातंय. बोला, काय लिहू?"

अप्पांच्या डोळ्यांपुढून तीन महिने सरकले. वही, रकाने, चारशे सत्तर पट्ट्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. नागरत्नाबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो चेहरा ओळखला होता.

"तुमी पोलाद लिहून घेऊन या मागून," असं म्हणून त्या बसमध्ये जाऊन बसल्या. बस गेली.

"पोलादी," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं व्यवस्थित सांगितलं. डी-टू हे अक्षर आणि आकडा दोन्ही. कठीणपणा साठ. बोथट हा शब्द खोडून ‘मूळची धार उत्तम’ असं घालायला लावलं. महेशकुमारनं घाम पुसत सगळं लिहिलं, गोल शिक्का मारला आणि पावती फाडून दिली.

अप्पा दुसऱ्या बसनं उदगीरला पोचले तेव्हा पानं उठली होती. मुलीकडून नागरत्नाबाईच बोलल्या होत्या. तारीख ठरली होती, मानपानाचे फाटे फुटले नव्हते, आणि व्याही म्हणत होते की बोलणी इतकी सुरळीत झालेली त्यांनी कधी पाहिली नाही. मोठे काका कुठं राहिले, असं कोणी विचारलंच नव्हतं.

अप्पांना त्याचं फार वाईट वाटलं नाही. परत आल्यावर त्यांनी पावती भालकीला नेऊन प्लास्टिकमध्ये मढवून घेतली आणि दुकानात बसल्या जागी नजरेसमोर लावली. येणाराजाणारा वाचायचा. ‘पोलादी पातं, डी-टू, कठीणपणा साठ, मूळची धार उत्तम.’ खाली सरकारचा शिक्का. ज्यांच्याकडे नुसते चाकू होते, ते गप्प बसायचे.

निवडणूक झाली, निकाल लागले, पत्र्याचं शेडही निघालं. एकदा अंकुशराव दुकानात आले.

"प्रभुअण्णा, चाकू ठाण्यात पडलाय म्हणं. कामून आणाय गेला न्हाईस?"

"गेलतो की," अप्पा म्हणाले. "चाकू द्यायलेत ते. पण ही पावती जमा करा म्हणायलेत."

"मग?"

अप्पांनी फडक्यानं पावतीवरची धूळ हलकेच पुसली.

"मग काय, ऱ्हाऊ दे तिकडंच."