मिशी आणि खुंटीवरची पँट

"रविवारपर्यंत अख्खं पान पाठ करतो. एक जरी अर्थ चुकला, तर मिशी उतरवीन. खाली, सगळ्यांसमोर!"

चारकोपच्या बिल्डिंगीत, जिन्याखाली, चंद्रप्रकाशने मिशीला पीळ देत हे जाहीर केलं. शेजारच्या बाळाने फूटपाथवरून इंग्रजीचं जुनं गाइड आणलं होतं. त्यात एकट्या 'ऑफ'च्या आधी वेगवेगळे शब्द लावून पानभर अर्थ दिले होते. बाळा म्हणाला होता, हे कुणाच्या बापाला पाठ व्हायचं नाही. तू जिंकलास तर माझी मिशी उतरवतो. बाळाला धड मिशीच नव्हती, हे घरी गेल्यावर चंद्रप्रकाशच्या लक्षात आलं.

आणि चंद्रप्रकाशकडे होती ती मिशीच. बाकी माणूस म्हणजे छत्रीची काडी. मिशी गेली तर कारखान्याचा वॉचमन गेटवरच विचारणार, कोणाकडे आलास रे बाळ?

पाठांतर सुरू झालं. 'गो ऑफ' डोक्यात शिरलं की 'पुट ऑफ' दुसऱ्या कानातून बाहेर. झोप उडाली. शेवटी त्याने शक्कल काढली. घरातल्या एकेका वस्तूला एकेक शब्द चिकटवला. आरशाला शो ऑफ, म्हणजे मिरवणे. खाटेला ड्रॉप ऑफ, म्हणजे डुलकी लागणे. गळक्या नळाला पुट ऑफ, कारण त्याची दुरुस्ती गणपतीपासून पुढे ढकलली जात होती. खुंटीवरच्या विटक्या पँटला वेअर ऑफ, म्हणजे हळूहळू ओसरणे. वस्तू दिसली की अर्थ हजर. नाही दिसली की वाट लागली.

म्हणून त्याने बाळाला मोठ्या मनाने सांगितलं, परीक्षा आमच्याच घरी घ्या, चहा माझ्याकडून. आणि शनिवारी झकास झोपला.

रविवारी दुपारी तो खारी-बिस्किटं घेऊन परतला, तोवर मंडळी आत शिरत होती. वरच्या मजल्यावरची अनुपमा कॉलेजात जायची, म्हणून ती पंच. चंद्रप्रकाशने दारात पाऊल टाकलं आणि तिथेच थबकला. लोक येणार म्हणून बायकोने, रत्नप्रभाने, घर आवरलं होतं!

खाट बाहेर गॅलरीत, जागेवर सतरंजी. नळ गळत नव्हता. सकाळीच बाळाने येऊन वायसर बदलून दिला होता म्हणे. फुकटात.

"शो ऑफ," अनुपमाने विचारलं. आरसा जागेवर होता. सुटला. ड्रॉप ऑफला खाट नव्हती, पण सतरंजीवर शेजारचे नाना पेंगत होते. देवासारखे. पुट ऑफला नळाने दगा दिला, पण नळावरून खाल्लेली बोलणी आठवली आणि तेही निभावलं. शर्ट मात्र पाठीला चिकटला.

"वेअर ऑफ."

त्याने खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी.

"अगं, पँट कुठाय?" तो बायकोच्या कानात कुजबुजला.

"चार माणसांत ते लक्तर काय दाखवायचं? आत्ताच बोहारणीला दिली. डबा घेतला."

खुंटीखाली स्टीलचा कोरा करकरीत डबा बसला होता. चंद्रप्रकाशने त्याच्याकडे बघितलं. बुडत्याला तेवढाच आधार.

"लखलखणे," तो म्हणाला.

 बाळाने गॅलरीतून फक्त खाली हात केला. न्हावी धोंडिराम खुर्ची मांडून तयारच होता.

सगळी बिल्डिंग गोळा झाली. साबण फासला. वस्तरा फिरला. डावी बाजू साफ झाली, तेवढ्यात गल्लीतून बोहारीण चालली. डोक्यावर गाठोडं, आणि गाठोड्यातून लोंबणारा एक ओळखीचा विटका पाय.

चंद्रप्रकाश खुर्चीतून ताडकन उठला. "ओसरणे! हळूहळू ओसरणे!"

धोंडिरामचा वस्तरा हवेतच थांबला. सगळे बाळाकडे बघायला लागले. बाळाने अनुपमाकडून गाइड मागून घेतलं, पान उघडलं, सावकाश वाचलं.

"उत्तर बरोबर आहे," तो म्हणाला. "पण उशिरा दिलंस यार. अर्धे मार्क. उरलेली अर्धी मिशी ठेव."

चंद्रप्रकाशने परत खुर्चीत बसून उजवी बाजू पुढे केली.