गंगापूरला विमान जात नाही

मुंबई ते ऑकलंड हे अंतर सरळ रेषेत बारा हजार तीनशे किलोमीटर आहे, हे अख्ख्या औरंगपुऱ्यात फक्त मला तोंडपाठ आहे. मी दत्तोपंत, निवृत्त अव्वल कारकून. विमानात मी कधी बसलेलो नाही. परंतु त्यावाचून कामात अडचण आलेली नाही. कुणाचा मुलगा परदेशी निघाला की गल्ली माझ्याकडे येते. मी अंतर, उड्डाणाचा वेळ, थांबे आणि घड्याळांतला फरक दाखवणारा तक्ता सहीनिशी देतो.

थोरल्या बहिणीचा, द्वारकाबाईचा, विषय वेगळा. खुब्याचं हाड मोडून ती चार महिने इथून चाळीस किलोमीटरवर, गंगापूरला अंथरुणावर आहे. "दत्तूला एकदा येऊन जा म्हणावं," असे तिचे पाच निरोप आले. पाचही मी वहीत नोंदवले. एका रविवारी ऊन होतं. पुढच्या रविवारी रस्त्याचं काम चालू होतं. तिसऱ्या रविवारी मी रस्त्याचं काम संपलं का, याची चौकशी करत होतो. प्रकरण विचाराधीन राहिलं.

सहावा निरोप तिनं माझ्या मुलीला, ऑकलंडच्या चारुताला, धाडला. चारुताचा मला फोन आला, "बाबा, मी येतेय."

मला भरून आलं. लगेच तक्ता केला. सिंगापूरचा थांबा धरून मुंबईपर्यंत वीस तास, पुढं आमच्या चिकलठाणा विमानतळापर्यंत एक तास, घराच्या दारात सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मग मी मोबाइलवर विमानाचा ठिपका बघत बसलो.

"विमानतळावर जा की आणायला," आमच्या सौभाग्यवती यमुनाबाई म्हणाल्या.

"मी गेलो तर ठिपक्याकडं कोण बघणार?"

अकरा दहा झाले. कुणी आलं नाही. पावणेबाराला मी शेरा मारला : विलंबाचे कारण कळून येत नाही. सव्वाबाराला फोन वाजला.

"बाबा, मी गंगापूरला पोचले. विमानतळावरून थेट आत्याकडंच आले."

"अगं, पण तक्त्यात गंगापूर नव्हतं!"

"माहितीय. म्हणूनच आले."

मग फोन द्वारकाबाईनं घेतला. तिचा आवाज फार बारीक झाला होता. "दत्तू, लेकरू समुद्र ओलांडून आलं बघ. तू नको रे तरास घेऊ. तुला लई लांब पडतं."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यमुनाबाईंनी चपला घातल्या. "मी एसटीनं चालले. तुम्हाला यायचंय का मोजायचंय?"

"आलोच," मी म्हणालो. निघण्यापूर्वी फक्त एकदा मोबाइलवर 'औरंगपुरा ते गंगापूर' असं टाकून पाहिलं. उत्तर आलं : या मार्गावर विमानसेवा उपलब्ध नाही. केवढं हायसं वाटलं! ते वहीत उतरवून वर पाहिलं, तर यमुनाबाई निघून गेल्या होत्या.

तुमचंही कुणीतरी असंच चाळीस किलोमीटरवर वाट पाहत असेल. फक्त नाव कळवा. न जाण्याचा तक्ता मी सहीनिशी देईन.