अण्णांचा गुळाचा सापळा

संध्याकाळ झाली की आमचे घरमालक अण्णा गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवतात आणि झेंडूच्या रोपांशेजारी असं हळूच अंथरतात, जसं काही खाली तान्हं बाळ झोपलंय. सकाळी साडेपाचला माझं दार वाजतं.

"ए बार्शी, ऊठ! पाव्हणं आलं!"

मी बार्शीचा, म्हणून बार्शी; आणि पाव्हणं म्हणजे गोगलगायी. बिनशंखाच्या, बोटाएवढ्या, चिकट. गुळाच्या वासानं त्या गोणपाटाखाली जमतात. सकाळी गोणपाट उलटायचं, चिमट्यानं एकेक उचलायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. उलटायचं काम अण्णांचं. बादलीचं माझं.

"माझ्याच्यानं बघवत न्हाई," अण्णा तोंड फिरवून म्हणतात. माझ्याच्यानं बघवतं, हे त्यांनी परस्पर ठरवलंय.

मी आयटीतला माणूस. रात्री एक वाजता लॅपटॉप मिटतो, साडेपाचला चिमटा हातात. मधल्या झोपेत स्वप्नंसुद्धा चिकट पडतात.

अण्णा मूळचे धायरीचे शेतकरी. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं त्यांचं झेंडूचं रान होतं. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं फ्लॅट दिले, त्यातल्याच एकात मी भाड्यानं राहतो. माती म्हणून उरली ती पार्किंगच्या कडेची पट्टी. तिच्यात यंदा तीस रोपं लावली होती. दसऱ्याला एक पाटी झेंडू मार्केट यार्डात न्यायचा, बास, एवढंच अण्णांच्या डोक्यात.

"उभा जन्म दसऱ्याला यार्डात गेलोय," ते म्हणायचे. "रान गेल्यापास्नं तिकडं पाय न्हाई."

आणि गोगलगायींना नेमका झेंडूच लागतो. कोवळं रोप एका रात्रीत सफाचट.

सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, गोगलगायींसाठी विषाचे निळे दाणे मिळतात. टाकले की दोन दिवसांत विषय संपला."

"रानात हयातभर फवारलं, सूनबाई. शेवटी शेवटी गांडूळ दिसायचं बंद झालं. आता ह्या एवढ्याशा मातीला इख दावायचं न्हाई."

मग रोपांभोवती राख टाकून झाली. अंड्याच्या टरफलांचं कुंपण झालं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर टरफलं पेपरात गुंडाळून आणून द्यायचे आणि न विचारता सांगायचे, "आमच्याकडची नाहीत हं. मुलाचे मित्र आले होते."

टरफलं एका पावसात वाहून गेली. उरला गूळ. अण्णांचा हात सढळ, एका बादलीला अख्खी ढेप! परिणाम काय, तर सगळ्या सोसायटीच्या गोगलगायी आमच्याकडे पंगतीला. गुळाआधी तोंडी लावायला झेंडू. मास्तर मुद्दाम खाली येऊन म्हणाले, "अहो अण्णा, आमच्या कुंड्या अगदी स्वच्छ झाल्या. आपले आभार मानावेत तेवढे थोडेच."

मी म्हटलं, "अण्णा, गूळ कमी करू या का?"

"घरी आलेल्याला आगोड च्या देतो व्हय आपण?"

त्याच पाव्हण्यांना मी दोन मिनिटांनी मिठात बुडवणार होतो.

श्रावण गेला, गणपती गेले. माझ्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि पट्टीत अकरा रोपं. पण अकराही फुलली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे अण्णांनी इस्त्रीचं धोतर नेसलं आणि पाटी मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर बसले. पाटी जेमतेम अर्धी भरली होती. रस्ताभर ते तिच्यावर हात ठेवून होते.

यार्डात ट्रकच्या ट्रक झेंडू उतरत होता. अण्णांच्या ओळखीचा गाळा होता, पण ओळखीचं कुणी नव्हतं. गादीवरच्या माणसानं अण्णांच्या कडेवरच्या पाटीकडे बघितलं.

"आजोबा, घरी पूजेला नेताय का?"

"इकाया आणलाय."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "कुठला माल?"

"धायरीचा."

"धायरीत शेती हाय अजून?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"हाय की," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो माझा गडी."

मी वाकून पाटी उतरवून घेतली.