आदर्श शेतकऱ्याची नेमणूक

खेड्यातल्या तरुणांनी शिकून पुढे काय करावे, हे ठरवण्यासाठी सन १९३४ मध्ये खानदेशात एक समिती बसली. तीत दोन वकील, एक डॉक्टर आणि एक पेन्शनर मामलेदार होते. शेतीचा अनुभव कोणालाच नसल्यामुळे मतभेद झाले नाहीत. ‘सुशिक्षितांनो, शेतीकडे वळा’ हा ठराव एकमताने पास झाला आणि समिती दौऱ्यावर निघाली.

चोपड्याजवळच्या एका गावी मारुतीच्या पारावर सभा भरली. तिथला अभिमन नुकताच व्हर्नाक्युलर फायनल पास झाला होता. बापाने, म्हणजे रुपचंदआबांनी, त्याला तलाठी करायचे ठरवले होते. पोराचा जीव मात्र घरच्या केळीच्या मळ्यात. त्यामुळे “कोण वळतो शेतीकडे?” असे वकीलसाहेबांनी विचारताच तो उभा राहिला. समिती गडबडली. आजवर कोणी उभे राहिले नव्हते, आणि राहिल्यास काय करावे याची ठरावात तरतूद नव्हती.

मामलेदारसाहेबांनी मार्ग काढला. शिकलेला मुलगा शेती करतो, हे लोकांना दिसले पाहिजे. तो मळ्यात गेला तर दिसणार कसे? सबब अभिमनची ‘आदर्श शेतकरी’ या जागेवर नेमणूक झाली. पगार, कोट आणि बसायला टांगा. काम एवढेच, की गावोगाव जाऊन आपण शेती करतो असे सांगायचे. केळीच्या चिकाने काळे पडलेले हात डॉक्टरसाहेबांनी साबण लावून स्वच्छ करून घेतले.

मृग तोंडावर आला तसा अभिमन बेचैन झाला. “साहेब, केळी लावायची आहे. रजा द्या.”

“अरे, शिरपूरला लागवडीवर तुझंच व्याख्यान आहे,” मामलेदार म्हणाले. “तू लागवडीला गेलास, तर लागवडीवर बोलणार कोण?”

मुद्दा बिनतोड होता. मळा बटाईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, शेजारच्या लोटनकडे गेला. दुसऱ्याने लावलेली बाग टांग्यातून पाहताना अभिमनने नोकरी सोडायचे पक्के केले.

बातमी कळताच जीवरामनाना घरी आले. त्यांच्या मुलीशी, सुगंधाशी, अभिमनची सोयरीक ठरलेली.

“आबा, पोऱ्या नोकरी सोडस, खरं शे का?”

“हां नाना. त्याले शेती करनी शे.”

“शेती चांगलीच शे. पन मन्ही पोर माले शेतकरीना घर देनी नही.”

“नाना, तुम्ही बी शेतकरीच शेतस ना?” अभिमनने विचारले.

“शेतकरी शे म्हनीसनच सांगस,” नाना म्हणाले आणि चहा न घेता उठले.

शेवटची सभा धुळ्याला देवपुरात होती. सारे शिकलेले लोक, बायकाही आलेल्या. अभिमनने कोट काढून खुर्चीवर ठेवला. उद्यापासून आपण खरोखर मळ्यात जाणार, असे त्याने सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरसाहेबांचे डोळे पाणावले.

“फक्त माझी सोयरीक मोडली आहे,” अभिमन म्हणाला. “आपणा सगळ्यांना शेतकरी एवढा आवडतो, तर आपल्यापैकी कोणाच्या घरी लग्नाची मुलगी आहे?”

टाळ्या थांबल्या. कोणाला टांगा आठवला, कोणाला देवदर्शन. आधी मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, मग पुढच्या, मग समितीच्या.

आणि वाचकहो, आपण कुठे निघालात?